ज्याचा त्याचा सूर्य

मोन्ते सेकोच्या चौकात त्या सकाळी एवढी गर्दी होती, की आंदाकोयोच्या तीर्थातली माता स्वतः पालखीतून आली असती तरी तिला रांगेत उभं राहावं लागलं असतं. डोंगरातल्या वाड्यांवरून शेळ्या राखणारे उतरले होते. द्राक्षांच्या मळ्यांतल्या बाया खाडा करून आल्या होत्या. कोणी बकरीच्या चीजचा गोळा आणला होता, कोणी सुके अंजीर, कोणी पिस्को दारूची बाटली. नगराध्यक्षांच्या बाईंनी चर्चच्या पायरीशी सरबताचं दुकान थाटलं होतं, त्यामुळे परवानगीबिरवानगीचा प्रश्न कोणी काढत नव्हतं.

गर्दीच्या मधोमध पांढऱ्या कनातीखाली एका तिकाटण्यावर एक सोनेरी नळी बसवली होती. हातभरसुद्धा लांब नव्हती. तिच्या शेजारी पांढरा पोंचो पांघरून, गळ्यात कर्णा अडकवून लिसांद्रो नावाचे, स्वतःला 'बंधू' म्हणवून घेणारे फिरते वैदू उभे होते.

"बंधूंनो! भगिनींनो! तुमच्या डोंगरांवर परदेशी शास्त्रज्ञांनी केवढाल्या दुर्बिणी बांधल्यात. कशाला? तर दूरचे तारे बघायला. अहो, त्या ताऱ्यांना काय ताप आलाय? त्यांचा काय गुडघा दुखतोय? ही नळी तुमच्यासाठी आहे! हिच्यातून सगळ्यांचा सूर्य दिसत नाही. ज्याचा त्याचा सूर्य दिसतो! त्यावर जो काळा दोरा दिसेल, तो तुमचा आजार!"

एक जाडजूड बाई नळीपाशी बसली. बंधूंनी तिच्या डोक्यावर काळं फडकं टाकलं.

"दिसला?"

"दिसला की हो! तांबडालाल सूर्य! आणि त्याच्यावर..."

"गप्प!" बंधू कडाडले. "कसा आहे ते बोलायचं नाही. आपला डाग तोंडाने दुसऱ्याला सांगितला, की तो त्याला चिकटतो. नुसती मान हलवा."

फडक्याखाली मान हलली. बंधूंनी एक हात तिच्या डोक्यावर ठेवला, दुसरा नळीवर. डोळे मिटले. "सूर्यबापा, ओढून घे! ओढून घे!"

"अगंबाई! फिका पडला! गेला! गेला गं बाई, गेला!"

चौक नुसता उसळला. बंधूंनी कर्णा तोंडाला लावला. "आता एक पथ्य. औषध नावाचं रसायन पोटात गेलं, की डाग परत येतो. गोळी नाही, सुई नाही. आणि दुसऱ्या कुठल्या नळीला डोळा लावायचा नाही!"

कधीकधी सूर्यावर दोऱ्याऐवजी काळा ठिपका असे. तो काही केल्या जात नसे. त्यालाही बंधूंकडे उत्तर होतं. "हे वाडवडिलांचं पाप. याला तीन फेऱ्या लागतील." आणि बघता बघता सूर्य नळीतून एका बाजूला सरकायला लागला, की म्हणत, "बघा, पळतोय! तुमचा आत्मा अस्वस्थ आहे!" पृथ्वी फिरते हे आमच्या गावात शाळेत शिकवतात. पण शाळा त्या दिवशी बंद होती. मास्तर रांगेत होते.

मी मात्र मागे, आमच्याकडच्या मोठ्या मिरीवृक्षाआड उभा होतो. पावाच्या दुकानातसुद्धा मी दोघांना पुढे जाऊ देतो, म्हणजे माझं काय घ्यायचं ते मला नीट आठवतं. अशा माणसाने चौकात तोंड उघडावं अशी अपेक्षा कोणी करत नाही. मीही करत नव्हतो.

आमच्या लोकांना मी वेडं म्हणणार नाही. या एल्की खोऱ्यात जिकडे बघाल तिकडे डोंगरमाथ्यावर पांढरे घुमट दिसतात. आमच्यातल्या फारच थोड्यांनी त्यातल्या एखाद्या दुर्बिणीला डोळा लावला असेल, पण दुर्बीण म्हटली की आमची मान आपोआप लवते. त्यात आमची एक जुनी चाल आहे. पूर्वी आजारी माणसाची लघवी बाटलीत भरून वैदूबाईकडे पाठवत. ती बाटली उन्हात धरून बघायची आणि रोग सांगायची. रोग उजेडात धरला की दिसतो, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यालो आहोत. लिसांद्रोने बाटली तेवढी बदलली.

हे मी एवढ्या खात्रीने सांगतो, कारण तशीच एक नळी माझ्या गच्चीवर होती.

नगरपालिकेच्या वाचनालयातून निवृत्त झालो तेव्हा ती मी घेतली. तिच्यातून फक्त सूर्य दिसतो. चंद्र नाही, तारे नाहीत, समोरच्या टेकडीवरची शेळीसुद्धा नाही. ताऱ्यांच्या खोऱ्यात राहून दिवसा दुर्बीण लावणारा म्हातारा, अशी माझी गावात ख्याती झाली. तिच्या आत एक गाळणी असते. सूर्याचा सगळा उजेड ती अडवते आणि तांबड्या रंगाची एकच बारीक छटा आत सोडते. त्या छटेत सूर्य वेगळाच दिसतो. पृष्ठभाग खरबरीत, संत्र्याच्या सालीसारखा. कडेला ज्वाळांच्या कमानी. आणि अंगावर काळसर दोरे, म्हणजे सूर्याच्या वर तरंगणारे वायूचे ढग. दिसायला दोरा, पण एकेक पृथ्वीच्या कित्येक पट लांब.

सकाळी वारा सुटायच्या आत मी वर जात असे. डोक्यावर काळं फडकं घ्यायचं, डोळ्याला अंधार मानवू द्यायचा, मग नळीवरचं एक कडं अगदी हळू फिरवायचं. आधी नुसतं गुळगुळीत तांबडं ताट दिसतं. कडं केसभर पुढे गेलं की त्या ताटावर दोरे उमटतात. आणखी फिरवलं की विरून जातात. कड्याची ती नेमकी जागा सापडली की मला दिवसभर बरं वाटत असे. त्याचा उपयोग काय, असं कोणी विचारलं तर मी गप्प बसत असे.

विचारणारी मुख्यतः माझी थोरली बहीण एर्मिंदा. आम्ही दोघं एकाच घरात राहतो. नळी इतकी वर्षं गच्चीवर होती, पण ताईने एकदाही तिला डोळा लावला नाही. "तुझा तो तांबडा भोपळा तूच बघ. मला खाली तांदूळ निवडायचेत." पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खोटं नाही.

ताईला मधुमेह आहे. उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली होती आणि ती भरत नव्हती. लिसांद्रो आला त्या आठवड्यात ती कोणालाही न सांगता चौकात गेली आणि घरी आली ती नाचतच, म्हणजे लंगडत नाचत. तिने इन्सुलिनच्या बाटल्या परसात अंजिराखाली पुरल्या.

"ताई, हे काय केलंस?"

"डाग गेला माझा. या डोळ्यांनी बघितला जाताना."

"अगं, तो कड्यामुळे जातो. माझ्या नळीलाही कडं आहे. वर चल, दाखवतो."

"दुसऱ्या नळीला डोळा लावायचा नाही, सांगितलंय त्यांनी."

"का सांगितलंय, याचा विचार कर ना."

"तुझी नळी दुकानातली आहे रे, बाउदिलिओ. त्यांच्या नळीवर आशीर्वाद आहे."

"त्यांचीही दुकानातलीच आहे!"

"मग तू का नाही कोणाला बरं केलंस इतक्या वर्षांत?"

रात्रभर मी माझ्या नळीबरोबर आलेलं माहितीपत्रक पुन्हा पुन्हा वाचलं. आपणच चुकत असलो तर? त्याच्या नळीत खरंच काही निराळं असलं तर? मी आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं सांभाळली. स्वतःचं म्हणून मला काय ठाऊक होतं?

चार दिवसांनी अंगठा काळवंडला. दवाखान्यातल्या डॉक्टर यास्ना घरी आल्या, पट्टी सोडली आणि त्यांचा चेहराच बदलला.

"एर्मिंदामावशी, आज ला सेरेनाच्या इस्पितळात चला."

"मी बरी झालेय, पोरी."

"मावशी, हा अंगठा मेलाय. विष वर चढतंय. उद्याच्या पुढे थांबलात तर पाय कापावा लागेल. त्यानंतर थांबलात तर कापायचीही गरज उरणार नाही."

ताई हट्टाने भिंतीकडे तोंड करून बसली. शेवटी म्हणाली, "डाग परत आला, तर येईन. उद्या बंधू सगळ्या बऱ्या झालेल्यांना पुन्हा सूर्य दाखवणार आहेत. त्यात डाग दिसला, तर मुकाट्याने गाडीत बसते."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं. आपल्यालाच काहीतरी करावं लागणार, हे माझ्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर गेलो. सूर्यावर एक मोठा दोरा होता. मासे धरायच्या गळासारखा वाकडा, मध्ये एका जागी तुटलेला. तो डोळ्यात साठवला आणि ताईला धरून चौकात नेलं. आधी नवे आजारी, मग बरे झालेले, अशी रांग होती. आम्ही सुनिल्दाबाईंच्या गाडीपाशी टेकलो. सुनिल्दाबाई एम्पानाडा विकतात, म्हणजे मोठ्या करंज्याच, आत खिमा आणि कांदा. गाडीवर कणकेचा गोळा होता, आणि कनातीतून बाहेर पडणारा प्रत्येक जण बरं झाल्याच्या आनंदात तिथे येऊन खात होता.

"काय काका, तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?" त्या म्हणाल्या. "मी बघा, आत्ताच दाखवून आले. माझी अर्धशिशी गेली!"

"कसा होता डाग?"

"सांगायचा नाही! चिकटेल तुम्हाला!"

"तोंडाने सांगू नका. कणकेचा करून दाखवा." हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं देव जाणे.

सुनिल्दाबाईंना गंमत वाटली. त्यांनी कणकेची वळी केली, टोकाशी वाकवली, मध्ये चिमटीने तोडली. पाठोपाठ एक शेळीवाला आला. त्याचं पोट बरं झालं होतं.

"ए बाबा, तुझा कर बघू डाग. बोलू नको, वळ," सुनिल्दाबाई म्हणाल्या.

त्यानेही गळ वळला. मध्ये तुटलेला. मग मास्तर आले. त्यांनी कणीक हातात घ्यायला आढेवेढे घेतले, पण वळला तो गळच, मास्तर असल्यामुळे जरा जास्त सुबक. थोड्याच वेळात परातीत गळांची रांग लागली. अर्धशिशी, पोटदुखी, दमा, नवऱ्याचं दारूचं व्यसन. सगळे एकाच आकाराचे.

सुनिल्दाबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "अहो, हे काय? माझ्या डोक्यात आणि याच्या पोटात एकच डाग?"

"माझ्या गच्चीवरूनही सकाळी हाच दिसला," मी म्हणालो. "मी तर बंधूंकडे गेलोही नव्हतो."

भोवती कुजबुज सुरू झाली. मला वाटलं, झालं, काम झालं. आता लोकांच्या डोक्यात प्रकाश पडेल. तेवढ्यात शेळीवाला गंभीरपणे म्हणाला, "सगळ्यांना एकच डाग म्हणजे साथ आलीय!"

"बाई बाई! साथ!" आणि अर्धी माणसं पुन्हा रांगेत घुसली.

माणसाच्या बुद्धीवरचा माझा विश्वास त्या दिवशी जितका डळमळला, तितका कधीच डळमळला नव्हता. पण तोवर ताईचा नंबर आला होता.

"या, एर्मिंदाआई!" लिसांद्रो कर्ण्यातून गरजला. "बघा लोकहो, सुई फेकून दिलेली माता! बसा. बघा तुमचा स्वच्छ सूर्य!"

त्याने बोटाने कडं अलगद सरकवल्याचं मला दिसलं. इतरांना दिसलं नाही, कारण ते त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"स्वच्छ आहे," फडक्याखालून ताई म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता. "लखलखीत आहे."

मी वाकलो. तिचा हात धरून मी नळीवरच्या कड्यावर ठेवला. "ताई, हे फिरव. हळू."

"हात लावू नका!" लिसांद्रो ओरडला. "बाई, हात काढा! नळी बाटेल! शुद्ध माणसानेच शिवायचं असतं! हात काढ म्हातारे!"

ही त्याची चूक झाली. आमच्या ताईला आजवर कोणी 'हात काढ' म्हटलं नव्हतं. आमच्या वडिलांनीही नाही. तिने फडकं डोक्यावरून ओढून काढलं.

"कोणाला म्हातारी म्हणतोस रे मेल्या? आणि शुद्ध नाही म्हणजे? त्या दिवशी तूच शुद्ध केलंस ना मला? का तेही खोटं?"

"तसं नाही, आई..."

"आता गप्प बस. कुठलं कडं रे, बाउदिलिओ? हे?"

तिने पुन्हा डोळा लावला आणि फिरवलं. कोणाचं तरी कोंबडं ओरडलं तेवढंच.

"आला," ताई म्हणाली.

"आता उलटं फिरव."

"गेला." तिने पुन्हा कडं फिरवलं. "आला. गेला. आला." मग अगदी हळू म्हणाली, "मी करतेय हे?"

"तूच करतेयस."

लिसांद्रो सावरला. तो कसलेला माणूस होता. "बघा लोकहो! माझी शक्ती या मातेच्या हातात उतरली! चमत्कार!"

"मग आमच्याही हातात उतरू दे की!" सुनिल्दाबाई कणकेच्या हातांनीच पुढे घुसल्या. "सरका मावशी." त्यांनी डोळा लावला, कडं फिरवलं आणि खदखदा हसायला लागल्या. "आला! गेला! अहो मास्तर, या, तुम्हीपण चमत्कार करून जा! फुकट आहे!"

मास्तर आले. शेळीवाला आला. त्याने कडं गरागरा फिरवलं आणि त्याला काहीच दिसेना, तेव्हा मला हाक मारली, "काका, माझी साथ कुठे गेली?"

आता मला बोलणं भाग होतं. "लोकहो, सूर्य एकच आहे. तो दोरा त्याच्या अंगावरचा वायूचा ढग आहे. तुमच्या जन्माआधीही असे ढग होते, तुम्ही गेल्यावरही असतील. ही नळी तांबड्या रंगाची एकच छटा आत सोडते, आणि ढग फक्त त्या छटेत दिसतो. कडं फिरवलं की छटा बदलते, ढग दिसेनासा होतो. जात कुठेच नाही. रेडिओचं बटण फिरवल्यावर गाणारी बाई गप्प होते. म्हणून ती मेली असं म्हणतो का आपण? काळा ठिपका कुठल्याही छटेत दिसतो, म्हणून तो घालवता येत नाही. आणि म्हणून म्हणे तुमचे वाडवडील पापी!"

या शेवटच्या वाक्यावर ज्यांना तीन फेऱ्या सांगितल्या होत्या, ती मंडळी भडकली. बाकी सगळं सहन झालं असतं, पण मेलेल्या बापाला नावं ठेवलेली आमच्याकडे खपत नाहीत. ते बाह्या सरसावून कनातीकडे वळले, तोवर लिसांद्रो नळी पोंचोखाली घेऊन आपल्या मोटारीत शिरला होता. कर्णा राहिला. नगराध्यक्षांच्या बाईंनी सरबताचे पेले आवरायला घेतले आणि "मला आधीच संशय होता" असं सगळ्यांना सांगितलं.

ताई खुर्चीवर तशीच बसली होती.

"म्हणजे माझा डाग गेलाच नव्हता."

"तो तुझा नव्हताच, ताई."

"मग माझं काय आहे?"

"तुझी साखर. आणि तो अंगठा."

तिने पायाकडे बघितलं. पहिल्यांदाच नीट बघितलं असावं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते तिने मला दाखवलं नाही. "यास्नाला सांग गाडी काढायला," ती म्हणाली. "आणि माझी शाल आण. ला सेरेनाला थंडी असते."

अंगठा गेला, शेजारचं बोटही गेलं. पाय राहिला. ताई आता वेळेवर सुई घेते आणि सुई टोचताना लिसांद्रोच्या नावाने शिव्या देते. डॉक्टर म्हणतात, चालेल.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण ताई घरी आली त्याच आठवड्यात सकाळी दार उघडलं, तर बाहेर रांग. हातात अंजीर, चीज, पिस्को.

"काका, तुमच्या नळीत बघून माझा दोरा घालवाल का? तो चोर होता, पण तुम्ही सज्जन आहात."

मी प्रत्येकाला गच्चीवर नेतो, त्याचाच हात कड्यावर ठेवतो आणि सांगतो, तू घालव, तू आण. काही जण हसतात आणि अर्धा दिवस तिथेच रेंगाळतात. काही जण हिरमुसतात. एक बाई जाताना म्हणाली, "तुमच्या नळीत दम नाही, काका." ऐकतो की पलीकडच्या खोऱ्यात कोणी एक बंधू आलाय. त्याच्या नळीत निळा सूर्य दिसतो म्हणे.

म्हणून भीत भीत का होईना, हे लिहून ठेवतो. कोणी तुम्हाला काही अद्भुत दाखवलं, तर पाया पडण्याआधी शेजाऱ्याला विचारा, तुला काय दिसलं. सांगायची बंदी असेल, तर त्या बंदीचीच आधी शंका घ्या. जमलं तर ती वस्तू स्वतःच्या हातात घेऊन बघा. ती खरी असेल, तर तुमच्या हाताने बाटणार नाही. आणि घरातलं औषध फेकायला जो सांगतो, त्याला घराबाहेर काढा, मग तो कितीही गोड बोलो.

सूर्य बघायला जरूर या, सुंदर असतो. पण आपल्या गुडघ्यांची त्याला काही खबर नसते. ती डॉक्टरला द्यावी.